घराच्या उंबरठ्यापासून पासवर्डपर्यंत : अमेरिकेतील नियोक्ते आणि कामगारांचे खासगी जीवन (१९१४ ते २०२४)

सारांश

नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराकडे अथवा कामावर असलेल्या कर्मचाऱ्याकडे त्याच्या समाजमाध्यमावरील खासगी खात्याचा पासवर्ड मागण्याची प्रथा अमेरिकेत २००९ ते २०१२ या काळात उजेडात आली. पुढे अनेक राज्यांनी तिच्यावर कायद्याने बंदी घातली. ही प्रथा संगणकयुगाचे अपत्य आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रस्तुत शोधनिबंधात ती एका शतकाच्या इतिहासात ठेवून पाहिली आहे. फोर्ड कारखान्याची गृहभेट, कामगार संघटनेत सामील न होण्याचे करारपत्र, असत्यशोधक यंत्राची चाचणी आणि पासवर्डची मागणी या चारही प्रसंगांत कामगाराची संमती घेतल्याचा दावा नियोक्त्याला करता येत होता. उपजीविका पणाला लागलेली असताना दिलेल्या संमतीचे मोल काय, हा या इतिहासाचा मध्यवर्ती प्रश्न असून कायद्याने त्याला दिलेल्या उत्तराचा मागोवा येथे घेतला आहे.

बीजशब्द : नियोक्ता, कामगार, खासगीपणा, संमती, समाजमाध्यमे, पासवर्ड, अमेरिकन कामगार कायदा.

प्रस्तावना

कामगार आपले श्रम विकतो, स्वतःला विकत नाही, हे तत्त्व आधुनिक श्रमसंबंधांचा पाया मानले जाते. तथापि श्रम हे श्रमिकाच्या देहामनापासून वेगळे काढता येत नसल्याने श्रम विकत घेणाऱ्याला श्रमिकाविषयी अधिकाधिक जाणून घ्यावेसे वाटते. तो प्रामाणिक आहे काय, व्यसनी आहे काय, त्याची ऊठबस कोणाबरोबर आहे, कामाच्या वेळेनंतर तो काय बोलतो, असे प्रश्न नियोक्त्याला नेहमीच पडत आले आहेत. या प्रश्नांची उत्तरे मिळविण्याची साधने मात्र काळानुसार बदलत गेली.

फेसबुकची स्थापना २००४ मध्ये झाली आणि २००६ च्या सप्टेंबरपासून ते सर्वसामान्यांसाठी खुले झाले. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत कामगाराचा मित्रपरिवार, कौटुंबिक छायाचित्रे, धर्म, राजकीय मते आणि आजारपणे हे सारे एकाच कुलपामागे एकत्र आले. पूर्वी हे जाणण्यासाठी घरी माणूस पाठवावा लागे, शेजाऱ्यांना विचारावे लागे किंवा हेर नेमावा लागे. आता एक शब्द कळला की पुरे होते. या एका शब्दाची मागणी हाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

या निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. (१) कामगारांच्या खासगी जीवनात प्रवेश मिळविण्याच्या अमेरिकन नियोक्त्यांच्या प्रयत्नांचा कालक्रमानुसार आढावा घेणे. (२) या प्रयत्नांत ‘संमती’ या संकल्पनेचा कसा वापर झाला, हे तपासणे. (३) २०१२ नंतरच्या राज्य कायद्यांचे ऐतिहासिक महत्त्व व त्यांच्या मर्यादा स्पष्ट करणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, न्यायनिर्णय आणि सार्वजनिक नोंदीतील घटना यांवर भर दिला आहे. विषय अमेरिकेतील असल्याने विवेचन त्या देशापुरते मर्यादित ठेवले आहे.

१. गृहभेट : फोर्डचा समाजशास्त्रीय विभाग

हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने ५ जानेवारी १९१४ रोजी दिवसाला पाच डॉलर वेतनाची घोषणा केली. त्यापूर्वी नऊ तासांच्या दिवसाला सुमारे २.३४ डॉलर मिळत असत. नव्या योजनेत कामाचा दिवस आठ तासांचा झाला. या औदार्यामागे व्यावहारिक कारण होते. फिरत्या जोडणीपट्ट्यावरील कंटाळवाण्या कामाला विटून कामगार टिकत नसत आणि १९१३ मध्ये कामगार बदलाचे वार्षिक प्रमाण ३७० टक्क्यांवर गेले होते.

मात्र हे पाच डॉलर सरसकट मिळणारे वेतन नव्हते. त्यातील निम्म्याहून अधिक भाग ‘नफ्यातील वाटा’ म्हणून दिला जाई आणि तो मिळण्यासाठी कामगाराचे राहणीमान कंपनीच्या कसोटीस उतरणे आवश्यक होते. ही पात्रता ठरविण्यासाठी समाजशास्त्रीय विभाग निर्माण करण्यात आला. प्रारंभी जॉन ली आणि नंतर सॅम्युअल मार्क्विस हे धर्मोपदेशक या विभागाचे प्रमुख होते. विभागाचे तपासनीस कामगाराच्या घरी जात. विवाह झाला आहे काय, बायकामुले किती, बँकेत शिल्लक किती, कर्ज आहे काय, मद्यपान चालते काय, घरात भाडोत्री पाहुणे ठेवले आहेत काय, अशी चौकशी होई. स्थलांतरित कामगारांची संख्या मोठी असल्याने दुभाषे बरोबर घेतले जात. अपात्र ठरलेल्याला सुधारण्यासाठी मुदत मिळे. सहा महिन्यांत सुधारणा न दिसल्यास नोकरी जाई.

या योजनेची बांधणी लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. नफ्यातील वाटा ही देणगी होती आणि देणाऱ्याने तिला अट घालावी, यात कोणाला गैर वाटत नव्हते. घराचे दार कामगार स्वतःच उघडत होता. पण ते न उघडण्याची किंमत निम्म्याहून अधिक मिळकत आणि अखेरीस नोकरी एवढी होती. १९२१ च्या सुमारास हा विभाग जवळजवळ संपुष्टात आला. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात स्वतः फोर्ड यांनी उद्योगात अशा पालकत्वाला स्थान नाही, या आशयाची कबुली दिली. कामगारांच्या खासगी जीवनात डोकावणे कालबाह्य झाल्याची ही जाहीर नोंद होती. प्रत्यक्षात केवळ त्याची रीत बदलली.

२. करारपत्र आणि हेर : संघटनेवरील पाळत

कामगार कामाबाहेर कोणाशी संबंध ठेवतो, याविषयीची नियोक्त्याची चिंता कामगार संघटनांच्या संदर्भात सर्वांत तीव्र होती. नोकरी देताना ‘मी संघटनेचा सभासद नाही व होणार नाही’ असे लिहून घेण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. कॅन्सस राज्याने १९०३ मध्ये या पद्धतीस बंदी केली. तेथील फोर्ट स्कॉट येथे रेल्वेच्या रूळ बदलणाऱ्या एका कामगाराला संघटना सोडण्याचे पत्र लिहून देण्यास सांगण्यात आले. त्याने नकार दिला व त्याची नोकरी गेली. संघटनेच्या सभासदत्वामुळे त्याला १,५०० डॉलरचे विमासंरक्षण मिळत होते, ही बाब न्यायालयासमोर होती.

‘कॉपेज विरुद्ध कॅन्सस’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २५ जानेवारी १९१५ रोजी कॅन्ससचा कायदाच घटनाबाह्य ठरविला. न्यायमूर्ती पिटनी यांच्या बहुमताच्या निकालाचा गाभा असा की, कामगार सज्ञान आहे, त्याच्यावर बळजबरी झालेली नाही, अट मान्य नसेल तर नोकरी नाकारण्यास तो मोकळा आहे. आर्थिक विषमता ही समाजात असणारच आणि तेवढ्यावरून करार सक्तीचा ठरत नाही. न्यायमूर्ती होम्स यांनी भिन्नमत नोंदविले. दोन पक्षांमध्ये समतोल असेल तेथेच कराराचे स्वातंत्र्य सुरू होते, अशी त्यांची भूमिका होती. संमतीविषयीच्या पुढील शंभर वर्षांच्या वादाचे दोन्ही पक्ष या एका निकालपत्रात आढळतात.

होम्स यांच्या बाजूने कायदा वळण्यास सतरा वर्षे लागली. १९३२ च्या नॉरिस–ला गार्डिया कायद्याने अशी करारपत्रे संघीय न्यायालयांत अंमलबजावणीस अपात्र ठरविली आणि १९३५ च्या वॅग्नर कायद्याने संघटित होण्याचा हक्क मान्य केला. कागदावर लिहून घेणे बंद झाले, तेव्हा हेरगिरी अधिक महत्त्वाची ठरली. रॉबर्ट ला फॉलेट (धाकटे) यांच्या अध्यक्षतेखालील सिनेटच्या उपसमितीने १९३६ पासून केलेल्या चौकशीत पिंकर्टनसारख्या खासगी गुप्तहेर संस्थांचा व्यवहार उघड झाला. जनरल मोटर्सने १९३४ च्या आरंभापासून १९३६ च्या मध्यापर्यंत अशा संस्थांवर सुमारे १० लाख डॉलर खर्च केल्याचे समितीसमोर आले. हे हेर सहकारी म्हणून कारखान्यात वावरत, सभांना बसत, मैत्री जोडत आणि कळवीत. मित्राच्या वेषात येणाऱ्या या माणसाची आठवण पुढे समाजमाध्यमांवरील ‘मैत्रीच्या विनंती’च्या संदर्भात पुन्हा काढावी लागेल.

३. असत्यशोधक यंत्र : चाचणीची ‘विनंती’

जॉन लार्सन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे पोलिसांसाठी तयार केलेल्या यंत्रापासून आधुनिक असत्यशोधक यंत्राचा इतिहास सांगितला जातो. श्वास, नाडी, रक्तदाब यांतील फरकांवरून खोटे बोलणे ओळखता येते, असा या यंत्रामागील दावा होता. रक्तदाबावर आधारित अशा चाचणीचा पुरावा कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने ‘फ्राय’ खटल्यात १९२३ मध्येच अमान्य केला होता. तरीही दुसऱ्या महायुद्धानंतर बँका, दुकाने व गोदामे यांनी नोकरभरतीसाठी आणि चोरीच्या तपासासाठी या चाचण्यांचा मोठ्या प्रमाणावर अवलंब केला. न्यायालयात जो पुरावा आरोपीविरुद्ध चालत नव्हता, तो भरतीच्या खोलीत उमेदवाराविरुद्ध चालत होता.

येथेही बळजबरी नव्हती. उमेदवार संमतिपत्रावर सही करूनच खुर्चीत बसे. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९५९ मध्ये नियोक्त्यांवर या बाबतीत निर्बंध घातला. इतर काही राज्यांनी तोच मार्ग धरला आणि अखेर काँग्रेसने संमत केलेल्या कर्मचारी संरक्षण कायद्यावर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी २७ जून १९८८ रोजी स्वाक्षरी केली.

या कायद्याची शब्दरचना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. नियोक्त्याने चाचणीची सक्ती करू नये, एवढ्यावर कायदा थांबत नाही. चाचणीची विनंती करण्यास व ती सुचविण्यासही तो सर्वसाधारणपणे मनाई करतो. मालकाची विनंती आणि हुकूम यांत नोकराच्या दृष्टीने फारसा फरक नसतो, हे वास्तव येथे विधिमंडळाने ओळखले. कॉपेज निकालातील ‘नकार देण्यास तो मोकळा आहे’ हा युक्तिवाद त्यामुळे निरुपयोगी झाला, कारण नकार देण्याचा प्रसंगच कायद्याने टाळला. अर्थात या कायद्याला अपवाद होते. चोरीसारख्या विशिष्ट घटनेच्या तपासात काही अटींवर चाचणीची मुभा होती आणि शासकीय नियोक्ते तर कायद्याच्या कक्षेबाहेरच ठेवण्यात आले होते.

४. पासवर्डची मागणी

मोन्टाना राज्यातील बोझमन या शहराच्या नगरप्रशासनाचा नोकरीचा अर्ज जून २००९ मध्ये देशभर गाजला. त्यात उमेदवाराने आपल्या फेसबुक, गूगल, याहू, यूट्यूब, मायस्पेस इत्यादी खात्यांची नावे व पासवर्ड द्यावेत, असे म्हटले होते. टीकेचा भडिमार झाल्यावर काही दिवसांतच ही मागणी मागे घेण्यात आली.

मेरीलँडमधील घटना अधिक परिणामकारक ठरली. २०१० मध्ये तेथील तुरुंग खात्यातील एक अधिकारी रजेवरून परतला असता पुनर्नियुक्तीच्या मुलाखतीत त्याच्याकडे फेसबुकचा पासवर्ड मागण्यात आला आणि त्याच्यासमोरच त्याचे खाते पाहण्यात आले. तुरुंगातील गुन्हेगारी टोळ्यांशी कर्मचाऱ्यांचे लागेबांधे नाहीत ना, याची खात्री करणे हा खात्याचा हेतू होता आणि तुरुंगांची स्थिती पाहता ही चिंता निराधार म्हणता येणार नाही. अमेरिकन नागरी स्वातंत्र्य संघाच्या मेरीलँड शाखेने जानेवारी २०११ मध्ये या पद्धतीस लेखी आक्षेप घेतला. खात्याने ती काही काळ स्थगित केली आणि नंतर सुधारित पद्धत आणली. उमेदवाराने पासवर्ड सांगायचा नाही, स्वतःच खाते उघडून दाखवायचे आणि हे सर्व ‘ऐच्छिक’ राहील, अशी ही सुधारणा होती.

‘ऐच्छिक’ या शब्दापाशी इतिहासाच्या अभ्यासकाने थांबले पाहिजे. फोर्डच्या कामगाराने घराचे दार ऐच्छिक उघडले होते. फोर्ट स्कॉटच्या कामगाराला सहीचा कागद ऐच्छिक म्हणून दिला होता. चाचणीच्या खुर्चीतही उमेदवार स्वेच्छेने बसत होता. मुलाखत घेणारा समोर बसलेला असताना ‘नाही’ म्हणणाऱ्या उमेदवाराविषयी कोणता ग्रह होईल, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. शिवाय येथे आणखी एक बाब होती. खाते उघडणारा केवळ स्वतःचेच जीवन उघड करीत नव्हता. ज्या मित्रांनी व नातेवाइकांनी त्याच्यावर विश्वासून काही लिहिले होते, त्यांचेही खासगी बोलणे तो दाखवीत होता. त्यांची संमती तर कोणी विचारलीही नव्हती.

५. न्यायालयांचा अनुभव

विशेष कायदे येण्यापूर्वी न्यायालयांपुढे १९८६ चा साठविलेल्या संदेशांविषयीचा संघीय कायदा हेच मुख्य साधन होते. अधिकृत परवानगीविना दुसऱ्याच्या साठविलेल्या संदेशांत प्रवेश करणे या कायद्याने गुन्हा ठरते. मात्र सेवेच्या अधिकृत वापरकर्त्याने परवानगी दिली असल्यास प्रवेश वैध होतो. त्यामुळे पुन्हा प्रश्न संमतीचाच होता.

हवाईयन एअरलाइन्सच्या एका वैमानिकाने पासवर्डने संरक्षित असे संकेतस्थळ चालवून निवडक सहकाऱ्यांना तेथे प्रवेश दिला होता. कंपनीच्या एका उपाध्यक्षाने दोन वैमानिकांच्या नावांचा वापर करून ते पाहिले. नवव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने २००२ मध्ये वैमानिकाचा या कायद्याखालील दावा पुढे चालविण्यास मान्यता दिली.

न्यू जर्सीतील एका उपाहारगृहाच्या कर्मचाऱ्यांनी मायस्पेसवर आपसांत गप्पा मारण्यासाठी खासगी गट स्थापन केला होता. गटातील एका स्वागतिकेकडून व्यवस्थापकांनी पासवर्ड मिळविला आणि २००६ मध्ये दोघांना कामावरून काढले. आपण स्वेच्छेने पासवर्ड दिला काय, या प्रश्नावर तिने साक्षीत जे सांगितले त्याचा आशय असा होता की, न देता तर आपल्यावर काही संकट आले असते असे तिला वाटले. २००९ मध्ये ज्यूरींनी संघीय कायद्याचा भंग झाल्याचा निर्णय दिला व न्यायाधीशांनी तो कायम ठेवला. खासगीपणाच्या भंगाचा स्वतंत्र दावा मात्र ज्यूरींनी मान्य केला नाही. कोणी धमकी दिली नव्हती, तरी भीतीने दिलेली परवानगी ही परवानगी नव्हे, हे सामान्य नागरिकांच्या ज्यूरीने ओळखले.

याच राज्यातील २०१३ चा एक निकाल तुलनेसाठी उपयुक्त आहे. एका रुग्णसेवा संस्थेतील परिचारिकेच्या केवळ मित्रांसाठीच्या फेसबुक नोंदी तिच्याच एका सहकारी मित्राने, कोणी न मागता, व्यवस्थापनाकडे पोहोचविल्या. अशा नोंदींना कायद्याचे संरक्षण आहे, असे संघीय जिल्हा न्यायालयाने म्हटले. परंतु अधिकृत वापरकर्त्याने त्या आपणहून दिल्यामुळे संस्थेवर दायित्व येत नाही, असा निर्णय झाला. ला फॉलेट समितीपुढे आलेला हेर पैसे घेणारा होता. येथे विनामोबदला कळविणारा सहकारी पुरेसा ठरला.

६. राज्यांचे कायदे

मार्च २०१२ मध्ये वृत्तसंस्थांनी या प्रथेवर प्रकाश टाकल्यावर फेसबुकने पासवर्ड मागण्याचा जाहीर निषेध केला. सिनेटर ब्लुमेंथल व शुमर यांनी न्यायखात्याकडे आणि समान रोजगार संधी आयोगाकडे चौकशीची मागणी केली. मेरीलँडच्या विधेयकावर गव्हर्नर ओमॅली यांनी २ मे २०१२ रोजी स्वाक्षरी केली व १ ऑक्टोबर २०१२ पासून तो कायदा अमलात आला. देशातील हा अशा प्रकारचा पहिला कायदा होय. इलिनॉय व कॅलिफोर्निया यांचे कायदे १ जानेवारी २०१३ पासून लागू झाले. न्यूयॉर्कचा कायदा १२ मार्च २०२४ रोजी अमलात आला. आजवर दोन डझनांहून अधिक राज्यांनी असे कायदे केले आहेत.

या कायद्यांचे तीन विशेष सांगता येतात. पहिला, मेरीलँडच्या कायद्याने पासवर्डची सक्तीच नव्हे तर विनंतीही निषिद्ध केली. १९८८ च्या कायद्यातील क्रियापद येथे पुन्हा आले. दुसरा, १९८८ मध्ये वगळलेले शासकीय नियोक्ते मेरीलँडने कायद्याच्या कक्षेत आणले. ज्या घटनेतून कायदा जन्मला ती शासकीय खात्यातील असल्याने हे स्वाभाविक होते. तिसरा, नियोक्ते शोधतील अशा आडवाटांचा विचार काही राज्यांनी आधीच केला. कॅलिफोर्नियाने नियोक्त्याच्या समक्ष खाते उघडावयास सांगण्यासही मनाई केली. आर्कान्सासच्या २०१३ च्या कायद्याने वरिष्ठांना संपर्कयादीत समाविष्ट करण्याची सक्ती वर्ज्य केली. पूर्वी मित्राच्या वेषात येणाऱ्या हेराला कायद्याने अशा प्रकारे नव्या दारावर अडविले.

संघीय पातळीवर मात्र चित्र वेगळे आहे. २०१२ व २०१३ मध्ये काँग्रेसमध्ये मांडलेली विधेयके संमत झाली नाहीत. असत्यशोधक यंत्राच्या बाबतीत राज्यांकडून संघराज्याकडे जो प्रवास सुमारे तीस वर्षांत झाला, तो पासवर्डच्या बाबतीत अद्याप अपूर्ण आहे. त्यामुळे कामगार कोणत्या राज्यात राहतो, यावर त्याचे संरक्षण अवलंबून राहते.

७. मर्यादा

या कायद्यांमुळे कुलूप सुरक्षित झाले, परंतु कुलपाबाहेर ठेवलेले सारे खुले राहिले. सर्वांसाठी प्रसिद्ध केलेला मजकूर नियोक्ता पाहू शकतो. उमेदवारांची समाजमाध्यमांवरील माहिती गोळा करून विकणाऱ्या एका कंपनीची चौकशी संघीय व्यापार आयोगाने मे २०११ मध्ये कारवाईविना बंद केली. अशा कंपन्यांना १९७० च्या पतविषयक अहवाल कायद्याचे नियम लागू होतात, एवढे मात्र आयोगाने स्पष्ट केले. नियोक्त्याने दिलेल्या साधनांवरील संदेशांना कमी संरक्षण मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या ‘ऑन्टारिओ शहर विरुद्ध क्वॉन’ या निकालातून दिसते. गैरवर्तनाची चौकशी, शेअर व्यवहारांचे नियमन किंवा व्यापारी गुपितांची चोरी यांसाठी अनेक राज्यांनी अपवाद ठेवले आहेत. हे अपवाद आवश्यक असले, तरी चौकशीचे निमित्त करून बंद दार पुन्हा ठोठावता येते, याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

निष्कर्ष

१) पासवर्डची मागणी ही तंत्रज्ञानाने निर्माण केलेली नवी प्रवृत्ती नसून कामगाराच्या खासगी जीवनावर अधिकार सांगण्याच्या जुन्या प्रवृत्तीचे नवे रूप आहे.

२) प्रत्येक टप्प्यावर नियोक्त्यांपाशी समर्थनीय वाटणारे कारण होते. फोर्डला स्थिर व निर्व्यसनी कामगार हवे होते, दुकानदाराला चोरी थांबवायची होती, तुरुंग खात्याला टोळ्यांची भीती होती. कारण खरे असणे आणि साधन योग्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

३) प्रत्येक टप्प्यावर संमतीचा आधार घेतला गेला. १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आधार पुरेसा मानला. १९३२, १९८८ व २०१२ च्या कायद्यांनी तो टप्प्याटप्प्याने नाकारला.

४) या कायद्यांतील खरा बदल ‘घेण्यावर’ बंदी घालण्याचा नसून ‘मागण्यावर’ बंदी घालण्याचा आहे. दुर्बल पक्षाने नकार देण्याचे धैर्य दाखवावे, ही अपेक्षा सोडून देऊन सबळ पक्षाने विचारूच नये, असे बंधन त्यांनी घातले.

५) समाजमाध्यमाच्या खात्यात इतरांचेही खासगी जीवन असल्याने एका व्यक्तीच्या संमतीचा युक्तिवाद येथे पूर्वीपेक्षाही अधिक लंगडा आहे.

समारोप

कामगारांचे हक्क हे बहुधा वेतन, कामाचे तास व सुरक्षितता यांच्या संदर्भात अभ्यासले जातात. कामाव्यतिरिक्तच्या वेळेत कोणी पाहत नसल्याच्या खात्रीने बोलण्याचा हक्क या यादीत क्वचितच येतो. वस्तुतः वेतनवाढीची मागणी, संघटनेची जुळवाजुळव आणि अन्यायाविरुद्धची कुजबुज यांचा आरंभ अशा खासगी बोलण्यातूनच होत असतो. राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने डिसेंबर २०१२ मध्ये बफेलो येथील एका सेवाभावी संस्थेतून फेसबुकवरील चर्चेमुळे काढलेल्या पाच कर्मचाऱ्यांना पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिला, तो १९३५ च्या वॅग्नर कायद्याच्याच आधारे. म्हणूनच पासवर्डचा प्रश्न हा केवळ वैयक्तिक संकोचाचा प्रश्न नसून श्रमसंबंधांच्या इतिहासातील सत्तासमतोलाचा प्रश्न आहे. ज्याच्या हाती उपजीविका आहे त्याने केलेली विनंती नाकारण्याचे स्वातंत्र्य कागदावर असून भागत नाही. ती विनंती होऊच नये, अशी तरतूद करावी लागते, हा या शंभर वर्षांच्या इतिहासाचा बोध आहे.